फोनवरून धंदा: आधी नंबर, मग नकाशा, जाहिरात सगळ्यात शेवटी (नागपूरकरांसाठी कामाचा धागा)

संत्रामोसंबी (धागाकर्ता)

सांडगे-कुरडया करणारा बचत गट असो, गांधीबागेतलं साड्यांचं दुकान असो की मनीषनगरात घरून केक विकणारं कोणी, ऑनलाइन मार्केटिंग म्हटलं की सुरुवात होते रील आणि बूस्टच्या (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याच्या) बटणापासून. पैसा तिथे जातो. गिऱ्हाईक मात्र गळतं पुढे: दुकानाचा नंबर त्याच्याकडे सेव्ह नाही, नकाशावरची खूण मागच्या गल्लीत, आणि "रेट काय?"ला उत्तर चार तासांनी. म्हणून या धाग्यात क्रम उलटा ठेवू.

पहिलं काम नंबरचं. घरचा नंबर आणि दुकानाचा नंबर वेगळा हवा. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. साध्यावरून बिझनेसवर जाताना जुन्या गप्पा सोबत येतात, परत फिरताना मात्र घोळ होतो. तेव्हा ठरवून एकदाच बदला. नवं सिम घ्यायचं नसेल तर दुकानाचा 0712वाला लँडलाइनही चालतो. नोंदणी करताना एसएमएस जाणार नाही, तेव्हा थोडं थांबून "मला कॉल करा" हा पर्याय निवडायचा. कोड आवाजात सांगितला जातो. सिम घेतलंच तर त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते आणि तुमच्या पाटीवरचा नंबर भलत्याच्याच घरी वाजतो.

नोंदणी झाल्या झाल्या सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा (नोंदणीच्या कोडशिवाय लागणारं दुसरं कुलूप) सहा अंकी पिन लावा आणि ईमेल जोडा. कुरियरवाला असल्याचं सांगून "स्टार 401 स्टार आणि हा नंबर डायल करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवायचा. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, आणि कॉलवर येणारा कोड त्याला मिळतो.

ग्रीटिंग मेसेज (आपोआप जाणारं स्वागत), अवे मेसेज (दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर), क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) ही तीन हत्यारं फुकट आहेत. ग्रीटिंग पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, किंवा 14 दिवस बोलणं झालं नसेल त्याला. त्यात "आपले स्वागत आहे" एवढंच लिहून जागा वाया घालवू नका. वेळ, पत्ता, घरपोच कुठवर, आणि शेवटी एक ओळ: "हा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन मालाची यादी त्यावरच येते." का, ते खाली.

बर्डी_ते_इतवारी

चांगला धागा. "सेव्ह करा" या ओळीचं कारण मीच लिहितो, कारण निम्मे लोक इथेच फसतात.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जण बसतात. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांकडे जातच नाही, आणि तुम्हाला तसं कुणी कळवतही नाही. लिस्टमध्ये 250 नावं आणि डबल टिक 60 जणांना, हे दिसलं की समजा उरलेल्या 190 पैकी बहुतेकांनी नंबर सेव्ह केलेला नाही. स्टेटसचं आणखी कडक आहे: त्यांनी तुम्हाला आणि तुम्ही त्यांना, दोघांनी सेव्ह केलं तरच दिसतं.

म्हणून बिल देतानाच काउंटरवर विचारा, "ताई, नंबर सेव्ह करता का, संत्र्याची बर्फी ताजी झाली की कळवतो." त्याच मिनिटाला एक मेसेज टाकून घ्या, त्यांनी सेव्ह करेपर्यंत पिशवी हातात द्यायची घाई करू नका.

विकत घेतलेल्या नंबरांच्या फायलींवर मेसेज टाकणं सोडा. नवीन नंबरवरून अनोळखी लोकांना धडाधड मेसेज गेले आणि त्यातल्या चारदोघांनी "रिपोर्ट" दाबलं की खातं बंद. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या नकली अ‍ॅपवरून पाठवलं तर तेही बंदीचंच कारण. आणि खातं गेलं की कॅटलॉग (अ‍ॅपमधली वस्तूंची यादी), लेबलं (गप्पांवर लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या), गप्पा सगळं गेलं.

तर्रीवाला

राजेहो, लेबलाचं कोणीच सांगून नाही राहिलं. अ‍ॅपमध्ये नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशी पाच लेबलं तयारच येतात, एकूण 20 पर्यंत बनवता येतात. वस्तूच्या नावानं लेबल नका बनवू, 20 कधी भरतात समजत नाही. एरियाच्या नावानं बनवा: धरमपेठ-गोकुळपेठ, मनीषनगर-बेसा, सदर-कामठी रोड. डिलिव्हरीवाल्या पोराले सकाळी एक लेबल उघडून दिलं का काम झालं.

क्विक रिप्लाय 50 बनतात. तिरपी रेघ टाकून शॉर्टकट लिहिला का मजकूर येते. "रेट", "पत्ता", "यूपीआय", "कुरियर" एवढे चार तरी पाह्यजे. आणि दोन-दोन बनवा, एक मराठीत, एक हिंदीत. आपल्या गावात अर्धे गिऱ्हाईक "भैया, कितने का है" असंच विचारतात, त्यायले मराठीत परिच्छेद पाठवून काय होते?

वैनगंगा

कॅटलॉगबद्दल. 500 वस्तूंपर्यंत जागा आहे, पण 500 टाकायच्या नाहीत. 20-25 वस्तू, तीन-चार कलेक्शनमध्ये, बास. नावात वजन लिहा: "संत्रा बर्फी, 250 ग्रॅम". वर्णनात किती दिवस टिकते आणि फ्रिज लागतो का ते लिहा. किंमत रिकामी सोडू नका, रिकामी सोडली की पुन्हा "रेट?" आणि पुन्हा तेच उत्तर.

हंगामी वस्तू डिलीट करू नये. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मध्ये जो खंड पडतो त्यात ती वस्तू "लपवा" करून ठेवा. डिलीट केली तर जुन्या गप्पांमध्ये, स्टेटसमध्ये पाठवलेली तिची लिंक मरते, आणि पुढच्या वेळी टाकली की व्हॉट्सअ‍ॅपकडून तपासणी नव्याने होते.

फोटो. कुरडया, पापड, सांडगे हे पांढरट पदार्थ पांढऱ्या ताटात ठेवले की कडा हरवतात. काळसर लाकडी पाट किंवा गडद सुती कापड घ्या. बर्फीचा केशरी रंग ट्यूबलाइटखाली हिरवट दिसतो, म्हणून फोटो खिडकीत काढा. ऊन थेट नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी नवालाच उन्हाच्या सावल्या काळ्या पडतात, खिडकीला पातळ पांढरी ओढणी लावली की उजेड मऊ होतो. स्क्रीनवर पदार्थावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग सूर्याच्या चिन्हावरून थोडा उजेड कमी-जास्त करा. फोटो चौकोनी कापून चढवा, नाहीतर अ‍ॅप स्वतः कापतं आणि नेमकी वाटी अर्धी जाते.

अवांतर: नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते फळाला आहे, बर्फीला नाही, आणि मानांकनाचा लोगो नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच लावता येतो. पाकिटावर किंवा पोस्टवर सर्रास छापलेला दिसतो म्हणून लिहिलं.

संत्रामोसंबी

वैनगंगाताई, लपवा/डिलीटचा मुद्दा एकदम पटला. खाद्यपदार्थवाल्यांनी एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 अंकी क्रमांक कॅटलॉगच्या वर्णनातही टाकावा, लोक आता विचारतात.

आता नकाशा.

गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणजे गूगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणारं दुकानाचं पान, पूर्वीचं गूगल माय बिझनेस. 2021 च्या शेवटी नाव बदललं. त्यासोबत जी फुकट वेबसाइट मिळायची ती मार्च 2024 मध्ये बंद झाली आणि चॅटची सोय जुलै 2024 अखेर. जुन्या व्हिडिओत बघून ती बटणं शोधत बसू नका.

नाव पाटीवर आहे तेच लिहायचं. "अमुक साडी सेंटर, नागपुरातील सर्वोत्तम स्वस्त साडी दुकान" असं केलं तर कुणीही तक्रार करू शकतं आणि प्रोफाइल निलंबित होतं. शोधशब्दांची हौस श्रेणीत भागवा. मुख्य श्रेणी एक आणि जास्तीच्या नऊ मिळतात. मुख्य श्रेणी जितकी नेमकी तितकं बरं: नुसतं "दुकान" नको, "साडीचे दुकान" घ्या. वर्णनाला 750 अक्षरं आहेत. तिथे "सीताबर्डी", "बर्डी" आणि इंग्रजी हिज्ज्यातलं "सीताबुल्डी" तिन्ही वाक्यात बसवा. वाचणाऱ्याला त्याच्या ओळखीचं नाव दिसतं. रँकिंग मात्र त्याने फारसं हलत नाही. गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर, आणि दुकानाचं नाव किती झालेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही.

पडताळणी आता बहुतेकदा व्हिडिओने होते. व्हिडिओ फोनवरून सलग काढायचा, मध्ये कापायचा नाही, निदान अर्धा मिनिट. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: रस्त्याची किंवा शेजारच्या दुकानाची पाटी, तुमची पाटी आणि आतला माल, आणि दुकान तुमच्या ताब्यात आहे याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडणं किंवा बिलिंगची स्क्रीन सुरू करणं. नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हिडिओ दुकानाच्या आतच सुरू होतो. इतवारीत, महालात गल्ली अरुंद असते. चौकातून चालत या, म्हणजे रस्ताही दिसतो.

बर्डी_ते_इतवारी

इतवारी-महालच्या गल्ल्यांत आणखी एक भानगड. पत्ता टाइप केला की खूण बहुधा मुख्य रस्त्यावर किंवा पाठीमागच्या बोळात पडते. पत्ता भरल्यावर नकाशा पुरता मोठा करून खूण हाताने ओढत दारावर आणून ठेवा, मग स्वतः त्या खुणेवर "दिशा" दाबून कुठून कुठे नेतं ते बघा. दुकान मागच्या बोळात असेल आणि दुचाकीच जात असेल तर दाराचा आणि चौकाचा असे दोन फोटो प्रोफाइलवर टाका. गिऱ्हाईक खुणेपेक्षा फोटो ओळखून येतं.

घरून काम असेल तर पत्ता लपवून सेवा क्षेत्र भरायचं, 20 पर्यंत भाग टाकता येतात. घराचा पत्ता उघडा ठेवू नका, रात्री साडेअकराला बेल वाजते.

सणाच्या वेळा "विशेष तास" मध्ये टाका. पोळा, मारबत, दसरा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत गाडी नेता येत नाही आणि प्रोफाइलवर "उघडे आहे" दिसतं. आलेला माणूस एक तारा देऊन जातो.

कळमना_गेट

रिव्ह्यूवर 10 टक्के सूट दिली तर चालेल का? खूप दुकानांत बोर्ड लावलेला असतो.

बर्डी_ते_इतवारी

बोर्ड असतो, पण नियमात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, काहीही देणं गूगलला मान्य नाही. खूष गिऱ्हाइकालाच लिंक द्यायची आणि नाराजाला द्यायची नाही, हेही नाही. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर मिळतो, तो बिलावर छापा आणि सगळ्यांनाच द्या. एका दिवसात 30 आणि मग तीन महिने शून्य, यापेक्षा आठवड्याला दोन आलेले बरे दिसतात. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींत उत्तर, वाद नाही. ते उत्तर त्या माणसासाठी नसतंच, पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतं.

पुण्यातली_वऱ्हाडीण

इन्स्टाबद्दल थोडं. रील उभं, 1080 बाय 1920 पिक्सेल. खालच्या पट्ट्यात आणि उजवीकडे बटणं येतात, तिथे किंमत लिहू नका, झाकली जाते. पहिल्या दोन सेकंदांत पदार्थ दिसला पाहिजे. गणपतीचं नाव, लोगो, "नमस्कार मंडळी" यात सहा सेकंद गेले की बघणारा पुढे सरकलेला असतो. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क असलेला व्हिडिओ चढवला तर इन्स्टा तो कमी लोकांना दाखवतं, मूळ फाइल चढवा.

संगीताचं एक कोडं बरेच जण विचारतात: बिझनेस खातं केलं की सिनेमाची गाणी का गायब होतात? कारण त्या गाण्यांची परवानगी वैयक्तिक वापरापुरती असते, व्यापारी खात्याला वेगळा संग्रह मिळतो. खाद्यपदार्थांना गाणं लागतच नाही. कुरडई तेलात फुलतानाचा आवाज घ्या, पंखा बंद करून.

बायोत 150 अक्षरं मिळतात. काय विकतो, कुठे, ऑर्डर कशी, आणि व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. सुविचार नको.

आणि धाग्यात सगळे नागपूरभरच्या गिऱ्हाइकाचं बोलताय. सावजी मसाला, सांडगे, कुरडया यांचं गिऱ्हाईक नागपुरात कमी आहे. इथे प्रत्येकाच्या आईकडे किंवा मावशीकडे ते मिळतं. खरं गिऱ्हाईक हिंजवडी, वाकड, खराडी, बंगळूर, हैदराबादेत बसलंय. टिकाऊ मालाची जाहिरात तिकडे दाखवा.

हिशेबनीस

पुण्यातली_वऱ्हाडीण यांच्याशी सहमत, पण कुरियरचा खर्च आधी धरा. कुरडया वजनाला हलक्या आणि आकाराने मोठ्या. कुरियरवाले खोक्याच्या मापावरूनही वजन काढतात, त्यामुळे एक किलो कुरडयांचं बिल दोन-तीन किलोचं येऊ शकतं. मसाला आणि सांडगे पाठवायला सोपे.

आता जाहिरातीवर, कारण पैसे इथेच बुडतात.

"बूस्ट पोस्ट" दाबलं की लाइक आणि प्रोफाइलला भेटी मिळतात. ऑर्डर हवी असेल तर अ‍ॅड्स मॅनेजरमधून (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती लावायचं पान) जाहिरात लावा आणि संभाषण व्हॉट्सअ‍ॅपवर येईल असं निवडा. त्याआधी फेसबुक पानाला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर जोडलेला लागतो.

ठिकाण निवडताना "नागपूर" टाइप करून सोडून देऊ नका. शहराभोवतीचा परीघही त्यात येतो. ताजा केक विकणाऱ्याला बुटीबोरीहून आलेल्या मेसेजचा काय उपयोग? नकाशावर खूण टोचून जेवढ्या भागात पोचवता तेवढीच काही किलोमीटरची त्रिज्या ठेवा. वय आणि आवडी यांचं आता फार कोरीव काम करू नका, यंत्रणा त्याकडे सूचना म्हणूनच बघते. ठिकाण मात्र ती पाळते.

हिशेब असा. समजा रोज 200 रुपये, सात दिवस: 1400. त्यावर 18 टक्के जीएसटी 252. एकूण 1652. त्यातून 40 जणांनी मेसेज केला तर एका मेसेजला साधारण 41 रुपये. चाळिसातल्या सहा जणांनी ऑर्डर दिली तर एका ऑर्डरला 275 रुपये. किलोमागे 120 रुपये सुटत असतील आणि ऑर्डर एक किलोची असेल, तर प्रत्येक ऑर्डरला 155 रुपये पदरचे गेले. मेसेज 41 रुपयांत मिळाला म्हणून खूष होणारे हा शेवटचा भागाकार करतच नाहीत. यावर उपाय दोनच: कमीत कमी ऑर्डर मोठी ठेवा (सण-पेटी, तीन पदार्थ एकत्र), किंवा तोच माणूस दुसऱ्यांदा विनाजाहिरात येईल असं करा. म्हणजे पुन्हा तोच सेव्ह केलेला नंबर.

जीएसटी क्रमांक असेल तर तो बिलिंग सेटिंगमध्ये भरा, तरच त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट (भरायच्या करातून वजावट) मिळतं. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची योजना) असाल तर तो सरळ खर्च.

कळमना_गेट

100-100 रुपयांच्या पाच वेगवेगळ्या जाहिराती लावून कोणती चालते ते बघावं असं एका व्हिडिओत होतं. तुम्ही तर एकाच जाहिरातीचा हिशेब मांडला?

हिशेबनीस

छोट्या बजेटला पाच ठिकाणी पैसे वाटू नका. यंत्रणेला शिकायला एका अ‍ॅड सेटमध्ये (एकच बजेट आणि ठिकाण असलेला जाहिरातींचा संच) आठवड्याला साधारण 50 निकाल, म्हणजे इथे मेसेज, लागतात. पाच तुकडे केले की कुणाचेच 50 होत नाहीत. एकच सेट ठेवा, त्यात दोन-तीन वेगळे फोटो किंवा व्हिडिओ टाका. आणि रोज उठून बजेट, मजकूर, ठिकाण बदलू नका. मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू. निदान पाच-सहा दिवस हात लावायचा नाही.

पेमेंट वारंवार फेल होत असेल तर घाबरू नका. ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याला रिझर्व्ह बँकेचे कडक नियम आहेत, बऱ्याच कार्डांवर ते अडतं. यूपीआयने आगाऊ पैसे भरलेले सोपे, आणि भरलेत त्यापेक्षा जास्त खर्चही होत नाही.

तर्रीवाला

जाहिरात कोणत्या टायमाले? संध्याकाळी मेसेज येऊन राहिले आणि उत्तर देणारा माणूस जेवाले गेला, असं नको व्हायले. जेव्हा कोणी फोन घेऊन बसेल तेव्हाच चालवा.

हिशेबनीस

बरोबर, पण दिवसाच्या बजेटवर तासांचं वेळापत्रक लागत नाही. त्यासाठी पूर्ण कालावधीचं बजेट निवडावं लागतं, मग तासांचा तक्ता उघडतो. आणि फोन एकाच माणसाकडे अडकवू नका. व्हॉट्सअ‍ॅप खात्याला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात.

वैनगंगा

घाऊक एसएमएसचं कुणी विचारायच्या आत: डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) व्यवसाय, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवल्याशिवाय एसएमएस जातच नाही, आणि प्रचाराचे एसएमएस सकाळी 10 ते रात्री 9 मध्येच. छोट्या दुकानाला हा खटाटोप परवडत नाही.

फसवणुकीचं मात्र लिहायलाच हवं. मोठी ऑर्डर, भाव न करता होकार, "मी फौजेत आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साउंडबॉक्सवर खात्री झाल्यावरच पुडा बांधा. गेलेच तर लगेच 1930 वर फोन.

कळमना_गेट

शेवटचा प्रश्न. ऑर्डर इन्स्टावरून आली की दुकानातल्या पाटीवरून, हे कसं ओळखायचं? आणि पाटीवरचा क्यूआर किती मोठा?

संत्रामोसंबी

लिंकमध्येच मजकूर भरून. डब्ल्यूए-डॉट-मीची (wa.me/) लिंक असते, तिच्यापुढे 91 आणि दहा अंकी नंबर, अधिकचं चिन्ह नाही, आधी शून्य नाही. लँडलाइन असेल तर 91 नंतर 712 आणि पुढे नंबर. त्यापुढे प्रश्नचिन्ह, "टेक्स्ट" (इंग्रजीत text), बरोबरचं चिन्ह आणि मजकूर. इन्स्टाच्या लिंकमध्ये "यादी पाठवा (इ)", पाटीच्या लिंकमध्ये "यादी पाठवा (प)", जाहिरातीत "(ज)". गिऱ्हाईक फक्त पाठवा दाबतं, कंसातलं अक्षर तुम्हाला कळतं, तेच लेबल लावायचं. देवनागरी मजकूर लिंकमध्ये टाकताना टक्क्याच्या चिन्हांची लांब रांग होते, ती बरोबरच आहे, हाताने दुरुस्त करू नका.

पाटीसाठी क्यूआर याच लिंकवरून बनवा. अ‍ॅपच्या सेटिंगमधला क्यूआर कुणी चुकून रीसेट केला की जुना मरतो आणि छापलेली पाटी वाया. क्यूआर बनवून देणाऱ्या काही साइट मध्ये स्वतःची लिंक घालतात आणि ठराविक मुदतीनंतर पैसे मागतात. स्कॅन केल्यावर थेट तुमचीच लिंक दिसते का ते छापण्याआधी बघा.

माप: वाचणारा जितका लांब त्याच्या दहावा हिस्सा. काउंटरवर 40 सेंटिमीटरवरून वाचायचा तर 4 सेंटिमीटर, शटरवर दोन मीटरवरून तर 20. भोवती पांढरी चौकट सोडा. चकचकीत लॅमिनेशनवर दुपारचं ऊन पडलं की कॅमेऱ्याला कोड दिसत नाही, मॅट घ्या. आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या शटरवर लावत असाल तर दोन प्रती छापून ठेवा; मे महिन्यानंतर पहिली फिकी पडलेली असते.